डॉल्फिन-सेफ ट्यूना: पुरवठादाराचं सर्टिफिकेट पुरेसं आहे का?

मुग्धा

नमस्कार मंडळी. इथे सीफूडच्या आयातीचं काम केलेलं कुणी असेल तर मदत हवी आहे.

मी अमेरिकेत एका लहानशा खाद्यपदार्थ आयात कंपनीत आहे. आजवर डबाबंद फळं आणि भाज्यांचे कागद बघत होते, आता माझ्याकडे ट्यूना आला आहे. दोन माल येऊ घातलेत. एक थायलंडहून स्किपजॅकचे डबे, दुसरा एक्वादोरहून यलोफिनचे पाऊच (दोन्ही ट्यूनाच्याच जाती). ज्या दुकानसाखळीला माल जाणार आहे तिने दोन्हींच्या लेबलवर 'डॉल्फिन-सेफ' हवंच असं सांगितलंय.

थायलंडवाल्याने एका खाजगी संस्थेच्या लोगोचं पत्र पाठवलंय, त्यात 'आमची कंपनी डॉल्फिन-सेफ धोरण पाळते' असं लिहिलंय. एक्वादोरवाल्याने एआयडीसीपीचं (डॉल्फिन वाचवण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराचं) डॉल्फिन-सेफ सर्टिफिकेट पाठवलंय, नंबर आणि शिक्क्यासकट. आमचे साहेब म्हणतात, झालं काम. कस्टम्सचे कागद भरणारा आमचा ब्रोकर म्हणतो, फॉर्म ३७० आणि जहाजांच्या कॅप्टनची निवेदनं आल्याशिवाय मी एन्ट्री भरणार नाही. मी मध्ये अडकले आहे. कोण बरोबर?

आणि एक मनातला प्रश्न. ह्या सगळ्या कागदांनी समुद्रातला एक तरी डॉल्फिन वाचतो का? मला खरंच जाणून घ्यायचंय, कारण उद्या ते चिन्ह छापायला मीच होकार देणार आहे.

आगबोट

मुग्धाताई, ब्रोकर बरोबर आहे. त्याला धरून राहा.

मी बरीच वर्षं लाँग बीच बंदरात एका कस्टम्स ब्रोकरकडे सीफूडच्या एन्ट्र्या भरल्या, आणि त्यात मोठा वाटा ट्यूनाचा होता. जरा लांबण लागेल, पण हा विषय मला जवळचा आहे. लोक ह्याचे कागद गोळा करतात, फायलीला लावतात आणि वाचत नाहीत, हे बघून फार वाईट वाटतं.

साहेबांना आधी एवढं सांगा की डॉल्फिन-सेफ ही पदवी कंपनीला मिळत नाही. कारखान्याला नाही, देशालाही नाही. ती मिळते माशाला. अमुक जहाजाने, अमुक फेरीत, अमुक वेळी जाळं टाकून धरलेल्या माशाला. त्यामुळे 'आमची कंपनी धोरण पाळते' ह्या वाक्याला तुमच्या कंटेनरपुरता काहीच अर्थ नाही.

कायदा असा आहे. अमेरिकेत ट्यूनावर हे चिन्ह लावायची सक्ती कुणावर नाही. पण लावलंत, तर १९९० चा डॉल्फिन प्रोटेक्शन कन्झ्युमर इन्फर्मेशन ॲक्ट लागू होतो. त्याच्या मुळाशी दोन अटी आहेत. त्या संपूर्ण फेरीत एकदाही डॉल्फिनना मुद्दाम घेरून जाळं टाकलेलं नसावं. आणि तो मासा ज्या खेपेत (म्हणजे एकदा जाळं टाकून ओढण्यात) जाळ्यात आला, त्या खेपेत एकही डॉल्फिन मेलेला किंवा गंभीर जखमी झालेला नसावा. गंभीर म्हणजे ज्यातून तो बहुधा जगणार नाही अशी जखम. दोन्ही अटी एकदम पाळायच्या आहेत, एक पाळून भागत नाही. लोगो खाजगी संस्थेचा असला तरी ह्याच अटी. आणि खोटं चिन्ह लावणं म्हणजे फेडरल ट्रेड कमिशन कायद्याखाली ग्राहकांची फसवणूक.

फॉर्म ३७० ची गोष्ट वेगळी. तो नोआचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या समुद्र आणि हवामान खात्याचा, उगमाचा दाखला आहे आणि गोठवलेल्या किंवा प्रक्रिया केलेल्या ट्यूनाच्या आयातीला तो लागतोच, तुम्ही चिन्ह लावा अगर न लावा. माशाची जात, कुठल्या समुद्रात धरला, कुठल्या साधनाने, जहाजाचं नाव आणि झेंडा, फेरीच्या तारखा, हे सगळं त्यात येतं. त्यातच एका ठिकाणी जाहीर करायचं असतं की हा माल डॉल्फिन-सेफ आहे की नाही, आणि असल्यास कशाच्या आधारावर. 'नाही' असंही लिहिता येतं. तसा माल एरवीचे नियम पाळून आत येऊ शकतो, फक्त त्यावर चिन्ह येत नाही.

तुमचा थायलंडचा माल सोपा आहे. स्किपजॅक बहुतेक पश्चिम आणि मध्य पॅसिफिकमधला असेल, तिथे ट्यूना आणि डॉल्फिन जोडीने पोहत नाहीत. तरी कॅप्टनचं निवेदन हवंच. २०१३ च्या नियमानंतर ते जगातल्या सगळ्या समुद्रांना लागू झालं. डॉल्फिन-सेफ आणि बाकीचा मासा धरल्या क्षणापासून वेगळा ठेवायचा, हेही तेव्हाच आलं. २०१६ च्या नियमाने आणखी भर घातली. कॅप्टनने नोआचं डॉल्फिन-सेफ प्रशिक्षण घेतलंय असं निवेदनात यायला हवं, आणि जहाजापासून डब्यापर्यंत माल कुणाकुणाच्या हातून गेला ह्याच्या नोंदी मागितल्या की दाखवता यायला हव्यात.

आता मेख कुठे आहे ते सांगतो. कारखान्यातल्या एका लॉटमध्ये एकाच जहाजाचा मासा असेल असं नाही. तीन-चार जहाजांचा गोठवलेला मासा वितळवून, वाफवून, साफ करून एकाच दिवशी डब्यांत भरला जातो. मग निवेदनंही तितकीच लागतात, प्रत्येक जहाजाच्या प्रत्येक फेरीचं एक. डब्याच्या बुडावरचा कोड धरून मागे जाता यायला हवं: कोडावरून लॉट, लॉटवरून जहाज आणि फेरी, फेरीवरून जहाजातली गोठवण टाकी.

माझ्या हातून गेलेल्या एका फाइलीत तीन जहाजांची तीन निवेदनं होती. वरवर सगळं ठीक. पण तिन्हींत फेरी संपल्याची तारीख एकच होती, आणि त्यातल्या एका जहाजाने माल उतरवल्याची पावती त्या तारखेच्या आठवडाभर आधीची. म्हणजे फेरी चालू असतानाच मासा कारखान्यात पोचला होता! विचारणा केली तर दोन दिवसांत नवीन निवेदन आलं, तारीख दुरुस्त करून. सही मात्र हुबेहूब तीच. पहिल्या कागदावर जिथे शाई फुटली होती, दुसऱ्यावरही तिथेच फुटलेली. सहीचं चित्र उचलून नव्या कागदावर चिकटवलं होतं. आयातदार भला माणूस होता, त्याने त्या लॉटवरचं चिन्ह काढून टाकलं आणि नुकसान सोसलं. तो मासा नियमाने धरलेला असेलही, पण तसं सांगणारा खरा कागद त्याच्याजवळ नव्हता.

तेव्हा निवेदन आलं की तारखा एकमेकींशी ताडून बघा. फेरी सुरू, फेरी संपली, माल उतरला, डब्यात भरला, जहाजावर चढला. हा क्रम उलटा लागत असेल तर तिथेच थांबा.

एक्वादोरच्या मालाबद्दल वेगळं लिहितो, त्यात खरी गुंतागुंत आहे.

आगबोट

हं, तर एक्वादोर.

एआयडीसीपीचं सर्टिफिकेट खोटं नाही, फालतूही नाही. पण अमेरिकेत चिन्ह छापायला ते पुरत नाही. का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

पूर्व उष्णकटिबंधीय पॅसिफिक म्हणजे कायद्याच्या भाषेत ४० अंश उत्तर ते ४० अंश दक्षिण अक्षांश, आणि १६० अंश पश्चिम रेखांशापासून अमेरिका खंडांच्या किनाऱ्यापर्यंतचा समुद्र. इथे मोठा यलोफिन डॉल्फिनच्या कळपांखाली पोहतो, विशेषतः ठिपकेवाल्या आणि स्पिनर डॉल्फिनच्या. डॉल्फिन श्वास घ्यायला वर येतात, म्हणून ते दुरून दिसतात. डॉल्फिन दिसले की खाली ट्यूना असणार, हे मच्छीमारांना जुनंच ठाऊक होतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नायलॉनची प्रचंड पर्ससीन जाळी आणि ती ओढणारी यंत्रं आली, आणि मग डॉल्फिनचा नुसता माग काढण्याऐवजी त्यांनाच घेरणं सुरू झालं. हेलिकॉप्टरने कळप शोधायचा, स्पीडबोटींनी तो पळवून दमवायचा, भोवती जाळं फिरवायचं, खालून दोरी आवळायची. ट्यूना हवा होता, डॉल्फिन फुकट मरत होते. ह्या पद्धतीने आजवर मेलेल्या डॉल्फिनचा अंदाज ६० लाखांच्या वर आहे.

१९७२ मध्ये अमेरिकेचा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा आला. पुढे सॅम लाबड नावाच्या तरुणाने एका पनामी जहाजावर नोकरी धरून जाळ्यात गुदमरणारे डॉल्फिन व्हिडिओवर टिपले. १९८८ मध्ये ते चित्रण टीव्हीवर गेलं, लोक हादरले, आणि एप्रिल १९९० मध्ये स्टारकिस्टची मालक हाइन्झ, बंबल बी आणि चिकन ऑफ द सी ह्या तिन्ही मोठ्या ब्रँडनी डॉल्फिन घेरून धरलेला ट्यूना घेणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. कायदा त्याच वर्षीचा.

पण मेक्सिको आणि इतर देशांच्या जहाजांनी डॉल्फिन घेरणं थांबवलं नाही. त्यांनी ते डॉल्फिन कमी मरतील अशा रीतीने करायला घेतलं, आणि ह्याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. जाळं बरंचसं आत ओढून झालं की जहाज उलटं चालवतात. त्याला बॅकडाउन म्हणतात. उलट ओढीने जाळं लांबट होतं, पलीकडच्या टोकाची बुचांची दोरी पाण्याखाली जाते आणि डॉल्फिन तिच्यावरून बाहेर सरकतात. ट्यूना खाली राहतो. त्या टोकाला बारीक विणीचा पट्टा असतो, मेदिना पॅनेल, म्हणजे डॉल्फिनची चोच किंवा पर जाळ्यात अडकत नाहीत. तरी अडकलेल्यांना माणसं रबरी होडीतून किंवा पाण्यात उतरून हातांनी बाहेर काढतात. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाच्या आत बॅकडाउन उरकायचं, कारण अंधारात डॉल्फिन फार मरतात.

हे सगळं एआयडीसीपी ह्या कराराने बांधून दिलं. १९९८ चा करार, १९९९ पासून अंमलात. ३६३ टनांवरच्या प्रत्येक पर्ससीन जहाजावर प्रत्येक फेरीला निरीक्षक. सगळ्या ताफ्याला मिळून वर्षाला ५,००० मृत्यूंची कमाल मर्यादा, ती जहाजांना वाटून दिलेली. परिणाम बघा: १९८६ मध्ये एका वर्षात १ लाख ३० हजारांच्या आसपास डॉल्फिन मेल्याचा अंदाज होता. अलीकडच्या काळात निरीक्षकांनी नोंदवलेला आकडा वर्षाला हजाराच्या आसपास किंवा त्याखाली आलाय.

आता तुमचं सर्टिफिकेट. एआयडीसीपीत निरीक्षक दोन प्रकारचे ट्रॅकिंग फॉर्म भरतो. ज्या खेपेत डॉल्फिन मेला किंवा गंभीर जखमी झाला नाही तो मासा 'ए' फॉर्मवर, ज्यात झाला तो 'बी' फॉर्मवर. टाक्याही वेगळ्या. 'ए' फॉर्मवरचा मासा त्या कराराखाली डॉल्फिन-सेफ. पण डॉल्फिन घेरले आणि सगळे जिवंत सुटले, तरीही तो मासा 'ए' वरच जातो! अमेरिकेच्या कायद्याची पहिली अट, फेरीत एकदाही मुद्दाम घेरलेलं नसणं, ह्यात तपासलीच जात नाही.

म्हणून एक्वादोरकडून हे मागा. त्या देशाच्या अधिकृत प्रतिनिधीने सही केलेला दाखला, ज्यात मालात असलेल्या प्रत्येक जहाजाचं नाव आणि प्रत्येक ट्रॅकिंग फॉर्मचा नंबर आहे, आणि ज्यात स्पष्ट लिहिलंय की जहाजावर मान्य निरीक्षक होता, त्या फेरीत डॉल्फिनवर जाळं मुद्दाम टाकलं नाही, आणि त्या खेपांत डॉल्फिन मेला वा गंभीर जखमी झाला नाही. कॅप्टनची निवेदनं तर हवीतच. मासा मोठ्या पर्ससीन जहाजांचा असेल तर हे सगळं लागतं. लाँगलाइनचा, म्हणजे गळ लावलेल्या लांब दोरीने धरलेला, असेल तर कागद कमी, म्हणून आधी साधन कोणतं ते विचारा.

निशिगंध

वाचतोय, माहिती चांगली आहे. पण मला ह्यात व्यापारी राजकारणाचा वास येतो. मेक्सिकोच्या जहाजांवर प्रत्येक फेरीला निरीक्षक असतो, तरी त्यांच्या माशाला चिन्ह नाही. इतर समुद्रांत कोणी बघणारा नाही, तिथल्या माशाला कॅप्टनच्या सहीवर चिन्ह. हा न्याय कुठला?

आगबोट

निशिगंध, मेक्सिकोने जागतिक व्यापार संघटनेत जवळजवळ हेच मांडलं, आणि बराच काळ त्यांचं म्हणणं मान्यही झालं. १९९१ मध्ये गॅटच्या, म्हणजे ह्या संघटनेच्या आधीच्या व्यापार कराराच्या, पॅनेलने अमेरिकेच्या आयातबंदीविरुद्ध कौल दिला, पण लेबलला हरकत घेतली नाही, आणि तो कौल पुढे औपचारिकपणे स्वीकारलाच गेला नाही. २००८ मध्ये मेक्सिकोने लेबलवरूनच तक्रार केली. २०१२ मध्ये अपील मंडळाने म्हटलं की अमेरिका एका समुद्रात कडक आणि बाकीच्या समुद्रांत ढिली आहे, हा भेदभाव आहे. एप्रिल २०१७ मध्ये तर लवादाने मेक्सिकोला वर्षाला १६ कोटी ३२ लाख डॉलरपर्यंतच्या प्रत्युत्तरी शुल्काची मुभा दिली.

पण अमेरिकेने काय केलं ते बघा. व्याख्या सैल करायचा मार्ग होता. सरकारने तसा प्रयत्न आधी केलाही होता, 'मेला नाही म्हणजे सेफ' असं करायचा, पण तो अमेरिकेतल्याच न्यायालयात टिकला नाही, शेवटचा निकाल २००७ चा. मग २०१३ आणि २०१६ मध्ये बाकीच्या समुद्रांचे नियम कडक केले. जिथे सस्तन प्राणी नियमितपणे आणि मोठ्या संख्येने मरतात असं ठरेल, तिथे कॅप्टनच्या सहीखेरीज सरकारचा किंवा निरीक्षकाचा दाखलाही लागतो. त्यानंतर २०१८ च्या डिसेंबरमध्ये अपील मंडळाने अमेरिकेचा नियम मान्य केला. मला स्वतःला हा शेवट योग्य वाटतो. सगळीकडे सैल करण्यापेक्षा सगळीकडे कडक करणं बरं.

कॅप्टनची सही हा दुबळा पुरावा आहे, हे तुमचं म्हणणं मला मान्य. म्हणूनच तो कागद नीट वाचणारं माणूस आयातदाराकडे हवं, असं मी कळकळीने सांगतोय.

शैवाल

मी सागरी सस्तन प्राण्यांवर काम करते, डॉल्फिनच्या बाजूने थोडं लिहिते.

मुग्धा, वाचतो का, ह्याचं उत्तर 'हो' आहे. लाखाच्या वरून हजाराच्या आसपास येणं ही लहान गोष्ट नाही. पण जाळ्यात मेले नाहीत म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. ह्या मासेमारीने सर्वांत मार खाल्लेले दोन समूह, ईशान्येकडचा ठिपकेवाला आणि पूर्वेचा स्पिनर, मूळ संख्येच्या अनुक्रमे साधारण २० आणि ३० टक्क्यांवर आले होते. मृत्यू इतके घटल्यावर ते भराभर वाढायला हवे होते. अपेक्षेइतके वाढताना दिसले नाहीत.

ह्याची जी कारणं शोधली गेली त्यातलं एक मला विसरता येत नाही. जाळ्यात मेलेल्या माद्या तपासल्या तेव्हा त्यातल्या बऱ्याच दूध पाजणाऱ्या होत्या, म्हणजे त्यांना तान्हं पिल्लू असणारच. पण त्याच जाळ्यात मेलेली पिल्लं त्यामानाने फारच कमी सापडली. पिल्लू आईच्या अंगाला लागून, तिच्या हालचालीने पाण्यात जी ओढ तयार होते तिच्या जोरावर पोहतं. स्पीडबोटी मागे लागल्या, आई जीव खाऊन पळाली, की ते मागे पडतं. जाळ्यात ते नसतंच, म्हणून निरीक्षकाच्या वहीतही येत नाही. ताण, चुकलेली पिल्लं, बदललेला समुद्र, ह्यातल्या कशाचा वाटा किती हे सिद्ध करणं अवघड आहे. पण 'मुद्दाम घेरायचंच नाही' ही अमेरिकन अट नुसत्या 'मेला नाही' पेक्षा का सरस आहे, हे ह्यातून कळेल. पाठलागच झाला नाही तर पिल्लू चुकत नाही.

दुसरी बाजूही ऐका. डॉल्फिन घेरायचे नाहीत म्हटल्यावर बरीच जहाजं तरंगत्या वस्तूंकडे वळली, ज्यांना फॅड म्हणतात. समुद्रात तराफा सोडायचा, त्याच्या सावलीत मासे जमतात, मग त्याभोवती जाळं. तिथे डॉल्फिन क्वचित असतात, पण अंडी घालायच्या वयाला न पोचलेले बिगआय आणि यलोफिन, सिल्की शार्क, अधूनमधून कासवं, हे सगळं जाळ्यात येतं. डॉल्फिन घेरून मिळणारा यलोफिन मोठा, वाढलेला असतो, आणि इतर मासे त्यात फार कमी. ह्याच जोरावर मेक्सिकोच्या त्या मासेमारीला २०१७ मध्ये एमएससीचं, म्हणजे मरीन स्ट्यूअर्डशिप कौन्सिलचं, निळं प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे शाश्वततेचं चिन्ह आहे पण अमेरिकेत डॉल्फिन-सेफ म्हणता येत नाही, असा मासा खरोखर आहे.

आणि आज डॉल्फिनना मोठा धोका पूर्व पॅसिफिकमध्ये राहिलेलाच नाही. हिंदी महासागरात ट्यूनासाठी टाकलेल्या गिलनेटमध्ये १९५० ते २०१८ ह्या काळात सुमारे ४१ लाख लहान डॉल्फिन-देवमासे सापडले, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. तिथे कुणी डॉल्फिनना मुद्दाम घेरत नाही. रात्रभर पाण्यात जाळं भिंतीसारखं उभं असतं आणि ते त्यात अडकतात. निरीक्षक जवळजवळ नाहीत. 'मुद्दाम घेरलं नाही' हे तिथला कॅप्टन मनापासून लिहील, आणि दुसऱ्या अटीबद्दल त्याने जे लिहिलं ते कुणी तपासणार नाही. गिलनेटचा मासा दिसला तर कृपा करून दहा प्रश्न जास्त विचारा.

आगबोट

शैवालताई, पिल्लांचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. 'ए' फॉर्म का पुरत नाही हे साहेबांना समजावताना तेवढा परिच्छेदच वाचून दाखवा, मुग्धाताई.

गिलनेटवरून सांगायचं राहिलं. आता ह्याच्या जोडीला सागरी सस्तन प्राणी कायद्याची आयात-कलमंही प्रत्यक्ष लागू झालीत. नियम २०१६ चा, मुदतवाढी मिळत मिळत १ जानेवारी २०२६ उजाडला. नोआने प्रत्येक देशाच्या प्रत्येक मासेमारीची तुलना अमेरिकेच्या मापदंडाशी केली आणि ४६ देशांच्या २४० मासेमाऱ्यांना नकार दिला. त्या साधनाने, त्या भागात धरलेला मासा आत येत नाही, डॉल्फिन-सेफ म्हणा वा नका म्हणू. ज्या देशाच्या काही मासेमाऱ्या मंजूर आणि काही नामंजूर आहेत, त्याच्या मालाबरोबर हा मासा नामंजूर मासेमारीतला नाही असा वेगळा दाखला लागू शकतो. मासा ज्या देशाच्या जहाजाने धरला तो देश बघायचा, डबे जिथे भरले तो नाही. थायलंडच्या डब्यातला मासा थायलंडचा असेलच असं नाही, तेव्हा यादीत जहाजाचा झेंडा शोधा. शिवाय सीफूड इम्पोर्ट मॉनिटरिंग प्रोग्रॅमसाठी आयात परवाना आणि मासा धरल्याच्या नोंदी लागतात. माहिती बरीचशी तीच, पण दोन्हीकडे शब्दशः जुळली पाहिजे. एका ठिकाणी पर्ससीन आणि दुसरीकडे लाँगलाइन लिहिलं गेलं की माल अडकलाच.

मुग्धा

सगळ्यांचे मनापासून आभार. गेले काही दिवस हेच करत होते, जे झालं ते लिहिते.

थायलंडचं सुटलं. चार जहाजं निघाली, चौघांची निवेदनं आली, प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. तारखांचा तक्ता केला, क्रम बरोबर लागतो. झेंड्यांचे देश यादीत बघितले, अडचण नाही.

एक्वादोरचं अर्धंच सुटलंय. तीन पर्ससीन जहाजं, तिन्ही मोठी. सरकारी दाखला आला, पण त्यात ट्रॅकिंग फॉर्मचे नंबर दोनच जहाजांचे आहेत. तिसऱ्याबद्दल विचारलं तर पुरवठादार म्हणतो, त्याचा 'ए' फॉर्म आहे, मासा तोच आहे, काळजी करू नका. त्या फेरीत घेरून जाळं टाकलं होतं का, ह्याचं सरळ उत्तर येत नाही. साहेब विचारतायत की दोन जहाजांचं आहे तर सगळ्यावर चिन्ह का नको, तिसऱ्याचा मासा थोडाच आहे.

आगबोट

थोडा असला तरी तो कुठल्या पाऊचमध्ये गेलाय हे सांगता येतं का, हे आधी विचारा. कारखान्याने त्या जहाजाचा मासा वेगळ्या लॉटमध्ये भरला असेल तर पाऊचवरच्या कोडावरून तेवढे खोके बाजूला काढता येतील. त्यांच्यासाठी वेगळा फॉर्म ३७० भरा, 'डॉल्फिन-सेफ नाही' असं जाहीर करून, आणि लेबलवर चिन्ह नको. बाकीचे दोन जहाजांचे लॉट चिन्हासकट जाऊ द्या. मासा एकत्र भरला असेल तर तो सबंध लॉट बिनचिन्हाचा. प्रमाण थोडं की जास्त, कायदा विचारत नाही.

लेबलं छापून आली असतील तर छपाई थांबवायला आजच सांगा. दुकानसाखळीलाही तुम्हीच आधी कळवा, माल पोचल्यावर नको. आणि पुरवठादाराला फोन करू नका, लेखी प्रश्न पाठवा, एकाच ओळीचा: ह्या फेरीत डॉल्फिनवर जाळं मुद्दाम टाकलं होतं का, हो की नाही. उत्तर आलं की इथे टाका, दाखल्याचा मजकूर मी बघून देतो.